सुटल्या आणि सोडल्या

गेल्या महिन्यात केंद्रावर पुन्हा तीच बैठक झाली. ज्या सरकारी दवाखान्यातून आम्हा एचआयव्हीच्या पेशंटना गोळ्या मिळतात, तिथे अधूनमधून अशी बैठक असते. चहा असतो, बिस्किटं असतात आणि एक प्रश्न असतो : लोक औषध मध्येच का सोडतात? बाहेरून आलेले पाहुणे हा प्रश्न असा विचारतात, की जणू आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं उत्तर कुठेतरी पुरून ठेवलं आहे. या वेळच्या पाहुण्यांनी सांगितलं, की आफ्रिकेतही हेच होतं. तिथेही माणसं काही दिवस नेमाने गोळ्या घेतात आणि मग दिसेनाशी होतात. मला त्या कधी न पाहिलेल्या माणसांबद्दल एकदम आपलेपणा वाटला. त्यांनाही कुणीतरी चहा पाजून हेच विचारत असणार.

उत्तरं ठरलेली. अज्ञान, व्यसन, गरिबी, निष्काळजीपणा. ती फळ्यावर लिहून झाली, की आमच्या कौन्सिलर मॅडम माझ्याकडे हात करतात. बाई मनाने चांगल्या आहेत. पण त्या म्हणतात, "आता आबांच्याच घरी बघा. यांच्या मिसेसनी गोळ्या सोडल्या आणि दृष्टी गेली. त्यांच्या नादाने आबांनीही सोडल्या होत्या, पण आबा वेळेत सावरले."

मग सगळे माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवतो. आजवर प्रत्येक बैठकीत मी मान हलवत आलो. या वेळी हलवली आणि हातातलं बिस्किट चहात पडलं. ते चमच्याने काढता काढता मला इतका वैताग आला, की मी तसाच उठून घरी आलो. मॅडमचा नाही, पाहुण्यांचा नाही. माझ्या मानेचा.

माझ्या बायकोने गोळ्या सोडल्या नाहीत. कशा थांबल्या ते लिहितो.

टीबी आणि नंतरचं

आमचं गाव बेडसे लेण्यांच्या पायथ्याजवळ. मी लोणावळ्यात एका चिक्कीच्या कारखान्यात भट्टीवर होतो. बायको माहेरची इंदुरीची. तिचं नाव इथे शेवंता लिहितो आहे. खरं नाव नको म्हणाली आणि हे तिनेच निवडलं. लहानपणापासून तिला ते हवं होतं म्हणे. मला आबा म्हणा, पुरे.

आजार माझ्यामुळे घरात आला. तरुणपणी मी मालाच्या ट्रकवर होतो, तेव्हाचा. हे स्पष्ट लिहितो, कारण बाई आजारी पडली की लोक आधी बाईचंच माहेर उकरतात.

आधी मला टीबी झाला. महिनोन्‌महिने गोळ्या खाल्ल्या आणि एक दिवस दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, "बाबा, तुमच्या गोळ्या सुटल्या." आमच्याकडे ही आनंदाची बातमी असते. चौकीतून माणूस सुटतो, लेकराचं अंगावरचं दूध सुटतं, तशा गोळ्या सुटतात. वाटेत भेटलेला माणूस विचारतो, "काय, सुटल्या का गोळ्या?" आणि सुटल्या म्हटलं, की तो हात जोडतो.

पण पुढे पुन्हा ताप येऊ लागला, वजन उतरलं, तोंडात पांढरं पांढरं झालं. मग रक्त तपासलं. मोठ्या दवाखान्यात आम्हाला सोळा नंबरच्या खोलीत पाठवलं. खोलीवर रोगाचं नाव नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. शिपाई कॉरिडॉरच्या या टोकावरून ओरडायचा, "सोळा नंबरवाले इकडं!" आणि अख्खा कॉरिडॉर वळून बघायचा. एवढी गुप्तता पाळून वर एवढी जाहिरात करायची, हे फक्त आपल्यालाच जमतं.

त्या दिवसाचं मला फार थोडं आठवतं. पंखा आवाज करत होता. डॉक्टर तरुण होते, टेबलाकडे बघून बोलत होते. शेवंताचंही रक्त घेतलं आणि तिलाही तेच निघालं. ती रडली नाही. पदर सारखा करून तिने एकच विचारलं, "ह्या गोळ्या बी सुटतील न्हवं, टीबीच्यागत?"

डॉक्टर म्हणाले, "नियमित घेतल्या तर ठणठणीत राहाल."

आता सांगा. प्रश्न काय होता आणि उत्तर काय आलं? आयुष्यभर घ्यायच्या, असं त्यांनी आधी एकदा म्हटलं होतं खरं. पण आयुष्यभर हा शब्द त्यांनी असा म्हटला, जसा सत्कारात म्हणतात. मला तो कळला होता. तिला कळला का, हे मी परत येताना विचारायला हवं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. माझ्यामुळे तिला झालं होतं. मी काय तोंडाने बोलणार होतो?

डबी वाजते

लोक औषध का सोडतात याची मोठी मोठी कारणं सांगतात. मी एक लहान सांगतो. डबी वाजते.

गोळ्या प्लास्टिकच्या डबीत येत. पिशवीत ठेवली आणि चालायला लागलं, की खुळखुळ खुळखुळ. सहा आसनी रिक्षात बसलं, की प्रत्येक खड्ड्याला ती बोलायची. कारखान्यात एकाने विचारलंच, "आबा, कसला खुळखुळा आणलाय?" मी म्हटलं, "नातवाला." तेव्हा मला नातू नव्हता. शेवंताने घरी आल्यावर उशीतला कापूस काढला आणि डबीत कोंबला. तेव्हापासून आमच्या घरात डबी मुकी झाली.

कारखान्यात कळलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी घरी. खायच्या मालाचं काम. हा आजार गुळाच्या पाकातून पसरत नाही, हे मला ठाऊक होतं. पण ते गिऱ्हाइकाला आणि शेठला कोण पटवणार?

दर महिन्याला एक दिवस सुट्टी लागायची. मी शेठना सांगितलं, जमिनीची केस चालू आहे, तारीख असते. मावळात ही थाप कुणालाही पटते. इथे प्रत्येकाची कुठे ना कुठे केस असतेच. शेठ दर महिन्याला विचारायचे, "काय रे, लागला का निकाल?"

"न्हाई शेठ."

"मग ही मरेपर्यंत चालंल तुझी."

"व्हय शेठ. तिथले बी तसंच म्हनत्यात."

सोळा नंबरच्या रांगेत वराळ्याचे एक गृहस्थ असायचे. आमच्या दूरच्या सोयऱ्यातले. पहिल्यांदा एकमेकांना बघितलं आणि दोघांनीही एकदम भिंतीवरचा पोस्टर वाचायला घेतला. तो पोस्टर गरोदर बायकांसाठी होता. पुढे कित्येक महिने आम्ही शेजारी शेजारी उभं राहून तो मन लावून वाचत होतो.

खाडा

पावसाळ्यात लोणावळ्यात पाय ठेवायला जागा नसते. शनिवार-रविवार तर भट्टी थंडच होत नाही. एका पावसाळ्यात शेठ म्हणाले, "या महिन्यात कोर्ट राहू दे. तारीख घे पुढची." मी गेलो नाही. गोळ्या संपल्या. तेव्हा माझ्या आणि शेवंताच्या, दोघांच्याही गोळ्या मीच आणत होतो. तिने दर महिन्याला रांगेत उभं राहायला नको, एवढं एक तरी तिच्यासाठी करावं, असं मला वाटायचं.

गर्दी ओसरल्यावर गेलो. औषधाच्या खिडकीत त्या दिवशी जे कुणी बसलं होतं, त्या माणसाने कागद बघितला आणि रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "इतके दिवस कुठं झोपला होता? फुकट मिळतंय म्हणून किंमत नाही. मरायचंय का बायकोला घेऊन?"

वराळ्याचे पाहुणे पोस्टर वाचत होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

"खंड पडलाय. आधी कौन्सिलिंग होईल, मग औषध," तो म्हणाला. कौन्सिलर कुठेतरी ट्रेनिंगला गेल्या होत्या. "उद्या या."

उद्या! ज्या माणसाने आजचा दिवस खोटं बोलून मिळवला, त्याला उद्या या म्हणायचं! बाहेर आलो, टपरीवर चहा घेतला आणि घरी निघालो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही, दुसऱ्या आठवड्यात गेलो नाही. जितके दिवस जात, तितकं जाणं अवघड होई, कारण तितकी शिवी मोठी होणार. आणि अंगात तर काहीच होत नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती, पाक ढवळताना दम लागत नव्हता. पाहुण्यांनो, तुमच्या फळ्यावर हे नाही. गोळी चुकणं सोपं असतं. अवघड असतं ते परत जाणं.

चुरा

खिडकीवरून परतलो त्या दिवशी मी दारात आलो तर शेवंता तांदूळ निवडत बसली होती. इंद्रायणीचा तांदूळ ती स्वतः निवडायची. तिच्या हातचा एक खडा कधी कुणाच्या दाताखाली आला नाही.

"अवं, गोळ्या कुटं हायत?"

मी चपला भिरकावल्या. "सुटल्या."

मला म्हणायचं होतं, हातातून सुटल्या. गाडी सुटते तशा. पण तिचा हात सुपातच थांबला.

"माज्या बी?"

आता बघा, इथे मला बोलायला जागा होती. "नाही गं, तसं नाही," एवढंच म्हणायचं होतं. पण मग खिडकीतलं सगळं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "तुज्या बी."

ती उठली. कारखान्यातून मी चिक्कीचा चुरा आणायचो, तो तिने पत्र्याच्या डब्यात साठवलेला असायचा. तो डबा घेऊन ती बाहेर गेली आणि आळीत घरोघरी मूठ मूठ वाटत सुटली. लोकांना आमचा आजार रक्त कमी असल्याचा म्हणून माहीत होता. समोरच्या मावशी ओरडल्या, "काय गं शेवंते, नातू झाला का काय?"

"न्हाई वो मावशी, गोळ्या सुटल्या! दोगांच्या बी!"

मी उंबऱ्यात उभा होतो. तिला इतकं हसताना मी किती दिवसांनी बघत होतो. वाटलं, आज राहू दे. उद्या सांगू.

मला उद्या या म्हणणाऱ्या त्या माणसावर मी आजही चिडतो. पण त्याच्यापेक्षा माझा उद्या जास्त लांबला.

खडे

वर्ष गेलं असेल. एकदा भाताचा घास घेतला आणि दाताखाली खडा आला. मग रोज येऊ लागला. मी ताट सरकवलं. "डोळे फुटलेत का तुजे? खडे दिसत न्हाईत?"

"चुलीच्या धुरानं जाळं आल्यासारकं दिसतंय वो," ती म्हणाली. "आपोआप जाईल."

डोळे फुटलेत का, हे वाक्य मी बोललो आहे. ते खोडून चांगलं काही लिहिता आलं असतं, तर लिहिलं असतं.

मग तिला ताप भरला. माझ्याही तोंडात परत पांढरं झालं, पण मी उभा होतो. ती पडली. इंदुरीहून तिचा धाकटा भाऊ रामभाऊ गाडी घेऊन आला आणि तिला मोठ्या दवाखान्यात घातलं. डॉक्टर या वेळी वयस्क बाई होत्या. त्यांनी बॅटरीने डोळे बघितले, जुने कागद मागवले आणि शेवंताला विचारलं, "गोळ्या का बंद केल्या?"

शेवंता तापात होती. म्हणाली, "सुटल्या."

"म्हणजे तुम्ही सोडल्या."

"व्हय. सुटल्या."

"आणि तुमच्या पाठोपाठ यांनीही सोडल्या?"

"ह्यांच्या बी सुटल्या."

मराठी शाळेत आम्हाला गुरुजी सांगायचे, की सुटणे वेगळं आणि सोडणे वेगळं. पान आपोआप गळून पडतं, तसं ते सुटतं. सोडणारा मात्र कुणीतरी असतो. डॉक्टरबाईंनी तो कुणीतरी ठरवून टाकला होता आणि तो माझ्यासमोर खाटेवर पडला होता. मी सलाईनच्या बाटलीकडे बघत उभा राहिलो.

रामभाऊ आपल्या बहिणीवरच उखडला. "आक्का, अक्कल हाय का न्हाई तुला? दाजी येवढं मरमर करून गोळ्या आणायचं, आन तू सोडल्यास व्हय?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, तुमी लय केलं तिच्यासाठी."

तो हात अजून मला तिथे जाणवतो.

वॉर्ड

वॉर्डातले दिवस सगळे सारखे. सकाळी झाडू, मग राउंड, मग रक्त, मग वाट बघणं. माझ्याही गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. एकाही सिस्टरने मला शिवी दिली नाही. परत येताना ज्या शिवीला मी वर्षभर भ्यालो होतो, ती तिथे नव्हतीच. एका सिस्टरने फक्त स्टूल पुढे केलं. "बसा आबा. आलात ना? मग झालं." ती कुठल्या गावची, हेही मी विचारलं नाही. पण केंद्र चालवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे : फळा पुसा आणि एक स्टूल ठेवा.

आणि एका दुपारी वराळ्याचे पाहुणे आमच्यासाठी जेवणाचा डबा घेऊन वॉर्डात हजर. मी सवयीने भिंतीकडे बघितलं, पण तिथे पोस्टर नव्हता.

"पाव्हणं," ते म्हणाले, "आता तरी वळख दाखवा. का मला बी दिवस गेलेत असं समजताय?"

शेवंता तापातही हसली. काय झालं ते तिला माहीत नव्हतं, पण हसली.

गोळ्या थांबल्या की अंगातली ताकद जाते आणि मग असा आजार डोळ्यातही उतरतो, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. तिचा एक डोळा पूर्ण गेला. दुसऱ्याने उजेड आणि सावली कळते, माणूस कळत नाही. बाकी ती बरी झाली. आता रोज एकच गोळी असते, तीही मोठी नाही. रक्तात विषाणू सापडत नाही असं सांगतात, तिच्याही आणि माझ्याही. इतकी वर्षं रोज रात्री जेवणानंतर मी कापसातून गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवत आलो. आळीतले लोक म्हणतात, नवरा असावा तर असा.

सांगितलं

त्या बैठकीतून उठून मी घरी आलो तेव्हा ती ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होती. बोटांनी चाचपून सोलते, किडका दाणा बरोबर बाजूला काढते. मी शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. खिडकी, उद्या या, चपला, तुज्या बी.

ती सोलत राहिली. शेंगा संपल्यावर टरफलं गोळा केली. मग म्हणाली, "मी चुरा वाटला तवा तुमी कुटं व्हता?"

"उंबऱ्यात."

"हसत व्हता का?"

"न्हाई." मग म्हणालो, "व्हय. हसत व्हतो."

"मला वाटायचं, डॉक्टरनी मला मुद्दाम खोटं पाडलं," ती म्हणाली. "मी सुटल्या सुटल्या म्हनत व्हते, कुनी ऐकंना. मंग वाटलं, माजंच ऐकन्यात चुकलं आसंल. येवढी वर्सं मला वाटतंय, माजं चुकलं."

मी तिच्या पायाला हात लावायला गेलो. तिने पाय आवरून घेतले.

"ते र्‍हाऊ द्या. लिवता येतंय न्हवं तुमास्नी? लिवून काडा. आन त्या मॅडमच्या मीटिंगीत वाचायचं, मी म्होरं बसनार. चुऱ्याचं बी लिवा. आळीत माजं हसं झालं, ते बी लिवा."

रामभाऊला मी स्वतः फोन केला. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन ठेवला. अजून त्याचा फोन नाही. बरोबर आहे त्याचं.

तर हे लिहून काढलं. हे वाचणाऱ्यांत कुणाच्या गोळ्या थांबल्या असतील, तर त्याने घरी सुटल्या असं म्हणू नये. जे झालं ते सांगावं. आणि परत जावं. शिवी बसली तर बसली; आपण मनात जितकी मोठी करतो, तितकी ती नसते.

तिला सगळं सांगितलं त्या रात्री मी नेहमीसारखा डबी घ्यायला उठलो, तर ती जागेवर नव्हती. शेवंता डबी मांडीवर घेऊन बसली होती आणि आतला कापूस बोटाने ओढून काढत होती.

"अगं, वाजंल ती."

"वाजू द्या. मला दिसत न्हाई, ऐकू येतंय."

तेव्हापासून डबी तिच्याकडे असते, माझीसुद्धा. रात्री जेवणं झाली, की ती दारात बसून जोरात खुळखुळवते. समोरच्या मावशींच्या ओट्यापर्यंत आवाज जातो. मला यायला जरा उशीर झाला, तर तिथूनच विचारते :

"येताय का? का आज बी सुटल्या?"